दोन टोकं जुळवताना

अतिसंवाहकतेचा इतिहास सांगायची एक रूढ पद्धत आहे, ती तापमानाच्या चढत्या भाजणीची. १९११ साली लायडनमध्ये हाइके कामरलिंग ओनेस यांना पाऱ्याचा विद्युत रोध ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास, एकाएकी नाहीसा झालेला दिसला. पुढे शिसं ७.२ केल्विन, नायोबियम ९.२, आणि १९७३ मध्ये नायोबियम-जर्मेनियमचं संयुग २३ केल्विन. तिथे गाडी तेरा वर्षं अडली. १९८६ मध्ये झुरिकजवळ रुश्लिकोन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेओर्ग बेडनोर्ट्झ आणि अलेक्स म्यूलर यांनी तांब्याच्या एका मिश्र ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता दाखवली. १९८७ च्या सुरुवातीला अमेरिकेत मॉ-क्वेन वू आणि पॉल चू यांच्या गटांनी यिट्रियम-बेरियम-तांब्याचं ऑक्साइड ९३ केल्विनवर नेऊन ठेवलं, आणि १९८८ मध्ये जपानात हिरोशी माएदा यांच्या बिस्मथच्या ऑक्साइडांनी ११० केल्विन गाठले. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे आता महागड्या हेलियमची गरजच उरली नाही, असा निष्कर्ष तेव्हा निघाला आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण मग या भाजणीतून एक कोडं काही केल्या सुटत नाही. ९३ केल्विनचा पदार्थ हाती येऊन तीन दशकं उलटली, तरी आपल्या जिल्ह्याच्या गावातलं एमआरआय यंत्र अजून चार केल्विनच्या आसपास आणि १९६० च्या दशकातल्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारेवरच का चालतं? माझ्या मते याचं उत्तर तापमानाच्या तक्त्यात शोधून सापडणार नाही. ते शोधायला हवं या पदार्थांचे दोन तुकडे एकमेकांना जोडण्याच्या कामात, म्हणजे ज्या कामाला कुठल्याही शोधाच्या बातमीत जागा मिळाली नाही त्या कामात.

सांध्याला एवढं महत्त्व का, हे ओनेस यांच्याच १९१४ सालच्या प्रयोगावरून समजतं. त्यांनी शिशाच्या तारेचं वेटोळं केलं, त्याची दोन टोकं एकमेकांत वितळवून बंद वर्तुळ तयार केलं आणि द्रवरूप हेलियममध्ये त्यात प्रवाह सुरू केला. बॅटरी नाही, बाहेरून पुरवठा नाही, आणि तरी प्रवाह तासन्‌तास जवळजवळ तसाच राहिला. शून्य रोध हा पदार्थाचा गुण झाला. पण न आटणारा प्रवाह हवा असेल तर संपूर्ण वर्तुळ शून्य रोधाचं लागतं, आणि कोणतीही तार वर्तुळाकार जन्माला येत नाही. कुठे तरी दोन टोकं जोडावीच लागतात. शिशाच्या बाबतीत हे सोपं होतं, कारण शिसं वितळतं आणि पुन्हा शिसंच होतं. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेला अर्ध्या शतकापूर्वी जी युक्ती सापडली तीही तशी साधीच आहे. तारेवरचं तांबं काढून टाकायचं, आतले केसासारखे तंतू उघडे करायचे, दोन्ही तारांचे तंतू एकमेकांत पिळायचे आणि शिसं-बिस्मथच्या मिश्रधातूत बुडवायचे. हा मिश्रधातू चार केल्विनला स्वतःच अतिसंवाहक असतो, त्यामुळे तार, डाख आणि पुन्हा तार या सगळ्या वाटेवर रोध कुठेच उरत नाही. एमआरआयचं चुंबक कारखान्यात किंवा रुग्णालयात एकदा भारलं, तारेची वाट बंद केली आणि पुरवठा काढून घेतला, की वर्षानुवर्षं ते आपल्याच प्रवाहावर चालतं. इथेच तापमानाच्या इतिहासातला एक विरोधाभास दडलेला आहे. शिसं-बिस्मथचा गुण साधारण आठ-साडेआठ केल्विनच्या पलीकडे संपतो. ७७ केल्विनला, किंवा अगदी २० केल्विनलाही, अतिसंवाहक राहील अशी धातूची डाख नाही. म्हणजे जे तापमान चढवण्यासाठी एवढा आटापिटा झाला, त्यानेच जोडणाऱ्याच्या हातातलं जुनं हत्यार काढून घेतलं.

१९८७ मध्ये हे कुणी बोलत नव्हतं. १८ मार्चला न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात अमेरिकन फिजिकल सोसायटीची बैठक पहाटे तीननंतरही चालली, जुलैत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अतिसंवाहकतेच्या व्यापारी उपयोगासाठी परिषद बोलावली, ऑक्टोबरमध्ये बेडनोर्ट्झ आणि म्यूलर यांना नोबेल जाहीर झालं; शोधानंतर इतक्या लवकर हे पारितोषिक क्वचितच मिळालं असेल. तरंगत्या रेल्वेगाड्या आणि तोटा न होता वीज नेणाऱ्या वाहिन्या यांची चित्रं वर्तमानपत्रांनी रंगवली. या उत्साहाची चेष्टा करणं आज सोपं आहे, पण त्या वेळी ज्यांच्या हाती पुरावा होता त्यांनी लपवाछपवी केलेली नाही. १९८८ मध्ये आयबीएमच्याच न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्स प्रयोगशाळेतून डिमोस, चौधरी, मानहार्ट आणि लगूस यांचा निबंध प्रसिद्ध झाला. यांतले प्रवीण चौधरी आयआयटी खरगपूरचे. या चौघांनी यिट्रियमच्या ऑक्साइडचे दोन स्फटिक मुद्दाम वेगवेगळ्या कोनांत शेजारी वाढवले आणि त्यांच्यामधल्या सीमेतून किती प्रवाह जातो ते मोजलं. कोन दोन-चार अंशांचा असेपर्यंत ठीक. तो दहा-वीस अंशांवर गेला की सीमा ओलांडणारा प्रवाह दहा पटींनी आणि त्याहूनही अधिक घसरत होता. धातूमध्ये असं होत नाही. तांब्याच्या किंवा नायोबियमच्या तारेतले कण वेडेवाकडे पडलेले असले तरी वीज त्यांच्यातून बिनदिक्कत जाते. या नव्या पदार्थात मात्र प्रत्येक कणाची नक्षी शेजारच्या कणाच्या नक्षीशी जुळायलाच हवी, जशी नक्षीदार फरशी बसवताना कोपऱ्याला कोपरा मिळावा लागतो. माझ्या लेखी हा निबंध या सगळ्या काळातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. दोन कणांची सीमा हा सुद्धा एक सांधाच आहे, आणि त्या सांध्याचा कायदा या चौघांनी लिहून ठेवला. तो कायदा एका तुकड्याच्या आतल्या कोट्यवधी सीमांना लागू होता, तसाच दोन तुकड्यांमधल्या एका सीमेलाही लागू होता. पहिला भाग सोडवायला वीस वर्षं गेली. दुसरा भाग त्या गडबडीत मागेच पडला.

पहिला भाग सोडवण्याचे दोन रस्ते निघाले. बिस्मथच्या ऑक्साइडचे कण अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे चपटे असतात. त्यांची भुकटी चांदीच्या नळीत भरून नळी ओढत आणि लाटत नेली की ते बरेचसे आपोआप एका पातळीत बसतात. ही पहिल्या पिढीची फीत. तिच्यात चांदी भरपूर लागते, कारण भाजताना ऑक्सिजन आरपार जाऊ देईल आणि आतल्या पदार्थाला बिघडवणार नाही असं दुसरं सोयीचं आवरण नाही. यिट्रियमच्या ऑक्साइडला ही युक्ती लागू पडेना. १९९१ मध्ये जपानच्या फुजिकुरा कंपनीत यासुहिरो इजिमा आणि सहकाऱ्यांनी वेगळीच वाट काढली. धातूच्या पट्टीवर आधी एका ऑक्साइडचा थर चढवायचा, आणि तो चढत असताना तिरप्या दिशेने आयनांचा मारा करत राहायचं, म्हणजे चुकीच्या दिशेने उगवणारे कण खुडले जातात आणि एकाच दिशेचे टिकतात. त्या सरळ झालेल्या पायावर मग अतिसंवाहक थर वाढवायचा. काही वर्षांनी अमेरिकेतल्या ओक रिजमध्ये अमित गोयल आणि सहकाऱ्यांनी निकेलची पट्टी लाटून-भाजून धातूलाच आधी शिस्त लावली. या दोन्ही वाटांनी दुसऱ्या पिढीची फीत जन्माला आली. ती साधारण चार ते बारा मिलिमीटर रुंद आणि एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड असते. तळाशी बहुधा हॅस्टेलॉय नावाचा निकेलचा मजबूत मिश्रधातू, त्यावर मधले थर, त्यावर एक-दोन मायक्रोमीटरचा अतिसंवाहक, त्यावर चांदीचा पापुद्रा आणि सगळ्याला गुंडाळणारं तांबं. काम करणारा भाग जाडीच्या एक-दोन टक्केच, बाकी सगळं त्याला सांभाळायला. पण तो एक-दोन टक्के भाग शेकडो मीटरपर्यंत जवळजवळ एकाच स्फटिकासारखा सलग असतो. २००९ च्या सुमारास अमेरिकेच्या सुपरपॉवर कंपनीने एक किलोमीटरचा पल्ला ओलांडला. पदार्थविज्ञानातला हा पराक्रम आहे आणि त्याला मिळाली त्यापेक्षा जास्त दाद मिळायला हवी होती.

आता ही फीत दुसऱ्या फितीला जोडायची आहे. वीज आत शिरू शकते ती एकाच बाजूने, चांदीच्या बाजूने. खालच्या हॅस्टेलॉयचा रोध मोठा आणि त्यावरचे ऑक्साइडचे थर तर वीज जाऊच देत नाहीत. म्हणून दोन फिती तोंडाला तोंड लावून एकमेकींवर काही सेंटिमीटर चढवाव्या लागतात, मग पुढची फीत उलटी होऊन जाते. ती सुलट ठेवायची असेल तर तिसरा तुकडा वरून पुलासारखा टाकायचा, म्हणजे एकाचे दोन सांधे झाले. तापवायचं तेही जपून, कारण फार तापलं की फितीतला ऑक्सिजन निसटू लागतो आणि ती प्रवाह गमावते. त्यामुळे कमी तापमानाला वितळणारी डाख वापरतात. अशा सांध्याचा रोध चांगल्या हाताने एका चौरस सेंटिमीटरला काही दशक नॅनोओहमपर्यंत उतरतो. चार मिलिमीटर रुंदीच्या फितीवर दहा सेंटिमीटरचा सांधा केला तर साधारण दहा नॅनोओहम, म्हणजे एका ओहमचा दहा कोटीवा भाग. दोनशे अँपिअर प्रवाहाला त्यात अर्धा मिलिवॉटही उष्णता होत नाही. वीजवाहिन्यांना एवढं पुरेसं होतं, आणि याचा पहिला धडधडीत पुरावा न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात मिळाला. २००६ च्या जुलैत तिथे ३५० मीटर लांबीची अतिसंवाहक वाहिनी प्रत्यक्ष वीजजाळ्यात जोडली गेली. सुमितोमो इलेक्ट्रिकने ती मुद्दाम ३२० आणि ३० मीटरच्या दोन तुकड्यांत बनवली होती, आणि जमिनीखालच्या कोठीत त्यांचा सांधा होता. पुढे २००८ मध्ये ३० मीटरचा बिस्मथचा तुकडा काढून त्या जागी दुसऱ्या पिढीच्या फितीचा तुकडा बसवला. सांधा खोलता आला, दोन पिढ्यांच्या फिती एका वाहिनीत नांदल्या आणि वीज वाहत राहिली. त्या प्रकल्पाचं वर्णन करताना बहुतेक जण नव्या फितीचं कौतुक करतात. मला त्यातली ती कोठी जास्त बोलकी वाटते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. उच्च तापमानाची फीत मागे राहिली ती किमतीमुळे, सांध्यामुळे नव्हे, असं या धंद्यातली बरीच माणसं सांगतील. तांब्याच्या तारेशी किंवा नायोबियम-टायटॅनियमशी तुलना केली तर ही फीत कित्येक पट महाग राहिली, हे खरंच आहे. निर्वात पात्रं, थर चढवण्याचा मंद वेग, वापरल्या जाणाऱ्या धातूंची शुद्धता, यांचा सांध्याशी संबंध नाही. तेव्हा किमतीचा वाटा मी नाकारत नाही. पण किंमत कशाने वाढते ते पाहिलं तर तिच्या पोटातही सांधाच निघतो. शेकडो मीटरच्या फितीत मध्येच एक खोट निघाली तर तो मोठा तुकडा बाद होतो किंवा त्याचे दोन लहान तुकडे होतात. तुकडा जितका लांब मागाल तितका तो दुर्मिळ आणि दर चढा. सांधा विश्वासाचा आणि स्वस्त असता तर खोट कापून टाकून उरलेलं जोडता आलं असतं आणि लांबीचा हा हट्टच धरावा लागला नसता. चुंबक बनवणारे असा हट्ट धरतात, कारण आत डाख दिलेली जागा म्हणजे वेटोळ्यात जाडीचा उंचवटा, उष्णतेची एक जागा आणि ताण आल्यावर उकलण्याची एक शक्यता. म्हणजे किंमत आणि सांधा ही दोन वेगळी कारणं म्हणून मांडली की पहिल्याचा निम्मा भाग दुसऱ्याच्या खात्यात जातो. शिवाय किंमत हेच एकमेव कारण असतं, तर जिथे पैशाकडे फारसं पाहिलं जात नाही अशा ठिकाणी तरी ही फीत केव्हाच प्रस्थापित व्हायला हवी होती. तसं झालं नाही.

अशी एक जागा म्हणजे रेणूंची रचना उलगडणारी एनएमआर यंत्रं. त्यांना एमआरआयपेक्षा कितीतरी तीव्र आणि कितीतरी स्थिर चुंबकीय क्षेत्र लागतं. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. क्षेत्र तासाला दहा कोटीत एका भागापेक्षा जास्त ढळता कामा नये असं धरू, आणि वेटोळ्याचं प्रवर्तन शंभर हेन्री. बंद वर्तुळातला प्रवाह रोधाला प्रवर्तनाने भागून येणाऱ्या वेगाने आटतो. त्या हिशेबाने संपूर्ण वर्तुळाचा रोध एका नॅनोओहमच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी हवा. वेटोळ्यात शंभर सांधे असतील तर दर सांध्याच्या वाट्याला तीन पिकोओहमही येत नाहीत. डाखेच्या सांध्याचे दहा नॅनोओहम म्हणजे गरजेच्या साडेतीन हजार पट. अर्धा मिलिवॉट उष्णता नगण्य म्हणून जी सोडून दिली, तीच इथे यंत्र निकामी करते. याला उत्तर म्हणून म्हटलं जाईल की वर्तुळ बंद करायचा आग्रह कशाला? पुरवठा सतत जोडलेला ठेवा. जपानी शास्त्रज्ञांनी तेही करून दाखवलं. त्सुकुबाच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत, रिकेन, कोबे स्टील आणि जिओल यांच्या साथीने, आतलं वेटोळं बिस्मथच्या फितीचं असलेलं १०२० मेगाहर्ट्झचं, म्हणजे २४ टेस्लाचं, एनएमआर चुंबक तयार झालं आणि २०१५ मध्ये तो त्या काळचा जागतिक विक्रम म्हणून जाहीर झाला. ते चाललं ते बाहेरच्या पुरवठ्यावर. अतिशय स्थिर पुरवठा, त्याच्या उरलेल्या थरथरीवर वेगळा इलाज आणि रात्रंदिवस आत शिरणाऱ्या जाड तारांतून येणारी उष्णता, एवढा सगळा संसार फक्त सांधा नाही म्हणून मांडावा लागला. विक्रमाच्या दृष्टीने ते यश निर्विवाद आहे. पण गावोगावच्या प्रयोगशाळांत ठेवायचं यंत्र असं चालवता येणार नाही, हे त्याच यशाने दाखवून दिलं.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: सांधे ही कारागिरीची बाब, इतिहासाचा विषय नव्हे. याला मी वाद घालण्याऐवजी जिनिव्हाचं उदाहरण देईन, जरी ते जुन्या, कमी तापमानाच्या तारेचं असलं तरी. सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये मुख्य चुंबकांना जोडणाऱ्या वाहकांचे दहा हजारांच्या आसपास सांधे आहेत. तांब्याच्या पट्टीत बसवलेल्या नायोबियम-टायटॅनियमच्या दोन दोरांवर डाख देऊन ते केलेले, आणि एकेकाचा रोध अर्ध्या नॅनोओहमच्या आसपास अपेक्षित. १० सप्टेंबर २००८ रोजी यंत्रात पहिला कणझोत फिरला आणि जगभर टाळ्या पडल्या. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, एका विभागात प्रवाह वाढवत नेताना तो ८,७०० अँपिअरवर पोचला आणि एक सांधा जळाला. मागाहून काढलेला अंदाज असा की त्याचा रोध २०० नॅनोओहमच्या घरात होता. म्हणजे तिथे पंधरा-सोळा वॉट उष्णता निघत होती, एखाद्या एलईडी दिव्याइतकी. पण भोवतीचं तापमान १.९ केल्विन. दोर अतिसंवाहक राहिला नाही, शेजारच्या तांब्याने प्रवाह सांभाळायचा तर तिथेही डाख नीट भरलेली नव्हती, ठिणगीने हेलियमचं आवरण फोडलं आणि सुमारे सहा टन हेलियम निसटलं. कित्येक टनांचे चुंबक दाबाने सरकले, जमिनीत रोवलेले आधार काही ठिकाणी उखडले. ५३ चुंबक बोगद्यातून वर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला चौदा महिने लागले, आणि त्यानंतरही २०१२ पर्यंत ते ठरलेल्या ऊर्जेच्या निम्म्याच्या आसपास चालवलं गेलं. २०१२ चा हिग्ज बोसॉन त्या निम्म्या ऊर्जेवर सापडला आहे. मग दोन वर्षं यंत्र बंद ठेवून एकूण एक सांधा तपासला, वर तांब्याचे जादा पूल बसवले. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या एसएसटी-१ या टोकामॅकची, म्हणजे अणुसंमीलनाच्या प्रयोगयंत्राची, कथाही याच जातीची. चुंबकांच्या जोडण्यांनी आणि हेलियमच्या गळतीने त्याला वर्षानुवर्षं अडवलं; सांधे एका नॅनोओहमच्या आत आणि गळतीविना नव्याने करून झाल्यावर जून २०१३ मध्ये त्यात पहिला प्लाझ्मा उमटला. वेळापत्रकं, ऊर्जा आणि शोध कोणत्या वर्षी लागावा हे जर सांधा ठरवत असेल, तर तो इतिहासाचा विषय नाही असं म्हणणाऱ्याने इतिहास म्हणजे काय ते सांगावं.

मात्र जिनिव्हाचा दाखला उच्च तापमानाच्या फितीला जसाच्या तसा लावणं अन्यायाचं होईल, आणि इथे तापमानाच्या पक्षकारांचं थोडं मान्य करावं लागतं. कोलायडरच्या दोराला एक-दीड केल्विनची वाढही सोसत नाही. २० केल्विनवर चालणाऱ्या फितीला दहा-वीस केल्विनची मोकळीक असते. पंधरा वॉटांनी ती सहजासहजी हरणार नाही. चढलेल्या तापमानाचा खरा लाभ हेलियम वाचण्यात कमी आणि सांध्याचे दोष पोटात घालण्यात जास्त आहे, असं मी म्हणेन. पण या सहनशीलतेची दुसरी बाजूही आहे. जुन्या तारेत एका जागी अतिसंवाहकता गेली की बिघाड सेकंदाला कित्येक मीटर पसरतो, व्होल्टेज चटकन वाढतं आणि संरक्षक यंत्रणा जागी होते. नव्या फितीत तो सेकंदाला मिलिमीटर-सेंटिमीटरने सरकतो. वाईट सांधा आहे तिथेच तापत राहतो, बाहेर मोजमापात काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा फीत जळून गेलेली असते.

खराखुरा शून्य रोधाचा सांधा करायचा तर चांदी आणि तांबं दोन्हीकडून सोलून, सिरॅमिकला सिरॅमिक भिडवून, मधली सीमा स्फटिकाने भरून काढावी लागते, आणि तीही दोन्ही बाजूंच्या नक्षीशी जुळणारी. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने हे जाहीरपणे करून दाखवलं. गॅडोलिनियमच्या ऑक्साइडच्या दोन फिती त्यांनी ८५० अंशांच्या आसपास, ऑक्सिजन अगदी कमी ठेवून, एकमेकींवर दाबल्या, पृष्ठभाग किंचित वितळून एकजीव झाला. पण या प्रक्रियेत पदार्थातला ऑक्सिजन उडून जातो आणि ऑक्सिजन नसला की अतिसंवाहकताही नसते. तो परत भरायचा तर वाट कुठे? वर-खाली धातू, आणि स्फटिकाच्या आत ऑक्सिजन आडवा सरकतो, उभा फारसा सरकत नाही. म्हणून त्यांनी आधीच लेसरने फितीत बारीक छिद्रं पाडून ठेवली होती. तरीही ऑक्सिजन मुरायला लागलेला वेळ दिवसांच्या नव्हे तर आठवड्यांच्या हिशेबात मोजावा लागला. एका सांध्याला आठवडे, आणि चुंबकात सांधे शंभर. कारखान्याच्या दृष्टीने हे अशक्यच. तरी तत्त्वतः ते अशक्य नाही हे पहिल्यांदा सिद्ध झालं होतं. २०१७ मध्ये सुमितोमो इलेक्ट्रिकच्या कोतारो ओकी आणि सहकाऱ्यांनी कल्पना थोडी फिरवली. दोन पक्व थर वितळवण्याऐवजी मध्ये त्याच पदार्थाचा बारीक कणांचा कच्चा थर द्यायचा आणि तो जागच्या जागी वाढू द्यायचा. दोन्ही बाजूंचे तयार स्फटिक त्याला दिशा देतात. वेळ आठवड्यांवरून एका दिवसाच्या आत आला. २०१८ मध्ये योकोहामाच्या रिकेनमध्ये योशिनोरी यानागिसावा यांच्या गटाने अशा सांध्यांचं आतलं वेटोळं आणि जुन्या तारेचं बाहेरचं वेटोळं मिळून ४०० मेगाहर्ट्झचं एनएमआर चुंबक भारलं, पुरवठा काढून घेतला आणि त्यावर रेणूंचे वर्णपट घेतले. चारशे मेगाहर्ट्झ हा आकडा अगदी मामुली आहे, तेवढं क्षेत्र जुन्या तारेने कित्येक दशकं सहज मिळतं. म्हणूनच या घटनेची बातमी फारशी कुणी वाचली नसावी. पण १९१४ च्या लायडनमधल्या शिशाच्या वेटोळ्याची परीक्षा नव्या पदार्थाचं एनएमआर चुंबक इथे पहिल्यांदा उत्तीर्ण झालं. या कामाचं पुढचं लक्ष्य १.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे ३०.५ टेस्ला, असं ठरलं.

त्याच सुमारास अमेरिकेत या प्रश्नाला अगदी उलटं उत्तर आकार घेत होतं. ५ सप्टेंबर २०२१ रोजी एमआयटी आणि अणुसंमीलनाच्या क्षेत्रातली कंपनी कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी माणसाच्या उंचीहून मोठ्या चुंबकात २० टेस्लाचं क्षेत्र उभं केलं. त्यात २६७ किलोमीटर फीत होती, सोळा चकत्यांमध्ये गुंडाळलेली, आणि प्रवाह ४० हजार अँपिअर. चकत्या एकमेकींना शून्य रोधाने जोडण्याचा प्रयत्नच त्यांनी केला नाही. अणुसंमीलनाच्या चुंबकाला दहा कोटीत एका भागाची स्थिरता लागत नाही, पुरवठा कायम जोडलेला चालतो, तेव्हा सांध्यातली उष्णता हा निव्वळ खर्चाचा प्रश्न उरतो. ४० हजार अँपिअरला एक नॅनोओहमच्या सांध्यात १.६ वॉट निघतात. त्यातला एक वॉट २० केल्विनवरून बाहेर काढायला निसर्गनियमाने किमान १४ वॉट खर्चावे लागतात, ४.२ केल्विनवरून किमान ७०. प्रत्यक्षात दोन्हीकडे याच्या कित्येक पट, पण प्रमाण साधारण तेच. म्हणजे फितीच्या वरच्या तापमानाने इथे सांध्याचा दंड पाचपटीने उतरवला. याच गणिताच्या भरवशावर २०१५ मध्ये एमआयटीतल्या गटाने आपल्या एआरसी या अणुभट्टीच्या आराखड्यात एक पाऊल पुढे टाकलं होतं. चुंबकाच्या सांध्यांची त्यांनी अशी रचना मांडली की वेटोळं दोन भागांत उघडता यावं, आतलं किरणोत्साराने झिजलेलं पात्र उचलून काढावं, नवं ठेवावं आणि वेटोळं पुन्हा मिटावं. योकोहामात ज्या फितीचे दोन तुकडे कायमचे एक व्हावेत म्हणून धडपड चालली होती, त्याच फितीचे सांधे मॅसॅच्युसेट्समध्ये हवे तेव्हा सुटावेत असे आखले गेले. अणुभट्टी चालू असताना चुंबकावर प्रचंड बल येतं, ते सुटणाऱ्या सांध्याने कसं पेलावं, आणि उघडझाप झाल्यावरही त्याचा रोध नॅनोओहमच्या घरात कसा राहावा, यावरच पुढचं बरंचसं काम बेतलेलं आहे.